मी घरात आहे

पंक्चरवाल्याच्या टपरीत मोडक्या स्टुलावर बसून त्याने सहज मान वर केली, तर छपरातून आई त्याच्याकडे बघत होती. उलटी. हनुवटी वर, कपाळ खाली, आणि खिडकीच्या गजावर ठेवलेला तिचा उजवा हात थेट त्याच्या डोक्यावर आलेला. लहानपणी काही खोडी करत असताना मागे कुणीतरी उभं आहे असं जाणवतं आणि हात जागच्या जागी थांबतात, तसे त्याचे हात मांडीवर थांबले. पंक्चरवाला घमेल्यातल्या पाण्यात स्कूटरची ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. त्याला याचं काहीच नव्हतं. ऊन कमी लागावं म्हणून त्याने छपरावर टाकलेल्या फ्लेक्सची पांढरी बाजू वर ठेवली होती आणि छापलेली खाली. त्यामुळे बाकीच्या सगळ्या फलकांवरून आई कधीच उडून गेलेली असताना इथे, या सावलीत, तिच्या गालावरचा तीळसुद्धा होता तसा होता. खालच्या कडेचं वाक्य अर्धं बांबूभोवती गुंडाळलं गेलं होतं. पण ते त्याला वाचायची गरज नव्हती. ते त्यानेच लिहिलं होतं.

“हे छप्पर कुठून आणलंत?” त्याने विचारलं.

“त्या कोपऱ्यावरचं आहे. वाऱ्याने सुटून लोंबत होतं. कुणाचं म्हणून विचारलं, तर कुणी माझं म्हणेना.” पंक्चरवाल्याने ट्यूब कानाशी धरली. “माल चांगला आहे. एक थेंब गळत नाही.”

“आणि हा फोटो?”

“आहेत कुणीतरी आजी. दुपारी जरा आडवा झालो की बघत बसतात माझ्याकडे.” तो हसला. “पण काही बोलत नाहीत. बरं असतं.”

तो आज बाहेर पडला होता तोच मुळी या फलकांच्या शोधात. नगरपालिकेचा प्रसिद्धी विभाग म्हणजे दोन टेबलं, एक कुरकुरणारं कपाट आणि तो. लेखापरीक्षकांनी शेरा मारला होता की साथीच्या काळात सरकारी निधीतून जे फलक लावले, ते आज कुठे आहेत? फलक ही मालमत्ता. ती जागेवर तरी पाहिजे, नाहीतर मोडीत काढल्याचं कुणीतरी सही करून सांगायला तरी पाहिजे. मुख्याधिकाऱ्यांनी, म्हणजे सगळे ज्यांना नुसतं साहेब म्हणत त्यांनी, तो कागद बोटाने त्याच्याकडे सरकवला होता. “तुम्ही लावलेत, तुम्हीच शोधा,” एवढंच म्हणाले होते. सकाळपासून तो हिंडत होता. एक फलक वाळूच्या ढिगावर पांघरलेला सापडला, एका गॅरेजमध्ये गाडीवर टाकलेला दुसरा. दोन्हींवर आई नव्हती, नुसता फिका निळा रंग होता, आणि ते पाहून त्याचा जीव भांड्यात पडला होता. हे त्याला आत्ता, वर बघताना, कळलं. शोधायला निघालो होतो आणि न सापडल्याचा आनंद होत होता. असलं काम आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं असंही नाही, तो मनाशी म्हणाला. नगरपालिकेत निम्मी कामं अशीच.

ते निधीचं प्रकरणच तसं होतं. साथ आली तेव्हा सगळी नगरपालिका काखा वर करून बसली होती. तिजोरीत खडखडाट, दवाखान्यात खाटा नाहीत, सफाई कामगार उघड्या हातांनी कचरा उचलतायत, आणि अशात एका सकाळी सरकारचं पत्र आलं: आरोग्य संवाद निधी. स्थानिक संस्थांनी लोकांशी बोलावं, लोकांना समजेल अशा भाषेत बोलावं, विश्वासातल्या माणसांकरवी बोलावं, आणि हे सगळं महिनाअखेरच्या आत बोलून संपवावं, नाहीतर पैसे परत. ज्याला आजवर पाणी न येण्याच्या सूचना आणि उद्घाटनांचे फोटो याखेरीज कुणी काही विचारलं नव्हतं, त्या त्याला अचानक साहेबांच्या खोलीत खुर्ची मिळाली. सफाई कामगारांची मुकादमीण दारातूनच म्हणाली, “एवढे पैसे आलेत, तर आधी हातमोजे द्या.” लेखापालाने मान हलवली. हातमोज्यांचं खातं वेगळं, संवादाचं वेगळं. हातमोजे घाला असं सांगायला पैसे होते, हातमोज्यांना नव्हते. तेव्हा त्याला एक युक्ती सुचली. फलकावर हातमोजे घातलेले हात दाखवायचे, म्हणजे फोटोसाठी हातमोजे लागणार, आणि एका हातात कसा बसतो, दुसऱ्या हातात कसा, हे बघायला भरपूर लागणार. ‘छायाचित्रणाचे साहित्य’ या नावाखाली त्याने खोकीच्या खोकी आणली, एक फोटो काढला आणि बाकीचं सगळं मुकादमिणीच्या गाडीत टाकलं. त्या काळातली अभिमानाने आठवावी अशी त्याच्यापाशी एवढी एकच गोष्ट होती. ती तो अधूनमधून काढून बघे आणि परत ठेवून देई.

फलकावर चेहरा कुणाचा, यावरून मात्र जुंपली. प्रत्येक नगरसेवकाला वाटत होतं की लोकांचा विश्वास आपल्यावरच आहे. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की पदाधिकाऱ्यांची छायाचित्रं नकोत. मग बायकोचं चालेल का, मुलाचं चालेल का, असे फोन सुरू झाले. साहेबांच्या नाकी नऊ आले. “कुणीच ओरडणार नाही असं माणूस आणा,” ते म्हणाले, “उद्या सकाळी छापायला गेलं पाहिजे.” फोटोग्राफर कोंडलेला, रस्ते बंद, आणि घरी आल्यावर त्याला दिसली खिडकीशी उभी असलेली आई. निम्म्या गावाचे शाळेचे गणवेश तिने शिवले होते. आज ज्यांची पोटं सुटली होती, त्यांची लहानपणची मापं तिला तोंडपाठ होती. रस्त्यात भेटलेल्या माणसाला ती आधी खांद्यावरून ओळखायची आणि मग तोंडाकडे बघायची. तिच्याइतकं कुणी विश्वासातलं नव्हतं, हे खरंच होतं. तो रस्त्यावर उतरला आणि त्याने खालून मोबाईल धरला. “अरे, माझा कसला फोटो काढतोस? निदान केस तरी विंचरू दे,” ती वरून म्हणाली. “अशीच थांब,” तो म्हणाला. “हलू नकोस.” वाक्य त्याला तिथेच सुचलं, उन्हात उभ्या उभ्या. ‘मी घरात आहे. तुम्हीही राहा.’ साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या एकाही शब्दाला हात लावला नाही. तो रात्रभर खूश होता.

फलक लागले आणि आईचं कौतुक सुरू झालं. कुणाकुणाचे फोन यायचे. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी मावशी, आईची धाकटी बहीण, नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही, तिने तर पहिल्याच दिवशी फोन करून भांडण काढलं. “ताई, तुला नेमकं माझ्याच कोपऱ्यावर उभं केलंय गं त्याने. खिडकी उघडली की तू. डोळे वटारून. आता मी भाजीला जाऊ कशी?” दोघी खूप हसल्या होत्या. साथीआधी आई रोज दुपारी तिच्याकडे जायची, एक चहा प्यायची आणि आजीच्या मोठ्या कात्रीवरून भांडून यायची. ती जाड, काळ्या मुठीची कात्री मावशीने एकदा उसनी नेली होती, आणि ती कुणाची हा प्रश्न दोघींनी जाणूनबुजून भिजत ठेवला होता. सुटला असता तर दुपारी बोलायचं काय? मग मावशीला ताप आला. दवाखान्यात जागा नव्हती, घरीच ठेवा म्हणाले. एका जवळच्या नातेवाइकाला काळजी घ्यायला जाता येत होतं, परवाना लागायचा. तो त्याने साहेबांच्या मागे लागून, शिक्क्यासकट आणला.

इथपर्यंत आठवण सरळ चालत यायची आणि इथे येऊन नेहमी थांबायची. आईने पिशवी भरली होती. पिशवीत टॉवेल, थर्मामीटर, बिस्किटं. तिने चपला घातल्या. दार उघडलं. आणि उंबऱ्याशी उभी राहून, त्याच्याकडे न बघता म्हणाली, “पण मी कशी जाऊ? तू चौकाचौकात लिहिलंयस, मी घरात आहे म्हणून. चार लोक बघतील. म्हणतील, ही बघा, स्वतः कशी फिरतेय.” तो म्हणाला, “अगं, परवाना आहे.” ती म्हणाली, “परवाना तुझ्या खिशात. कपाळावर थोडाच चिकटवून जाणार आहे मी?” आणि तिने चपला काढल्या. एक पायाने, दुसरी हाताने. तो पुन्हा काही बोलला नाही. कितीदा त्याने या जागी काहीतरी बोलून पाहिलं होतं, स्कूटर चालवताना, आंघोळ करताना, सभेत इतिवृत्त लिहिताना. मी सोडतो तुला, चल. मी जातो, तू थांब. फलक गेला खड्ड्यात. यातलं एकही वाक्य तेव्हा तोंडातून निघालं नव्हतं. मावशीची शेजारीण रोज तिच्या दारात डबा ठेवायची. आई दुपारच्या वेळी फोनवर बसायची, आणि दम लागलेली मावशी पलीकडून म्हणायची, “नको गं येऊस. खिडकीतून दिसतेस मला.” शेवटी ती गेली आणि तिला न्यायला गाडी आली तेव्हा फोन उशीवर तसाच राहिला होता, चालू.

मावशीच्या घराला कुलूप लागलं, किल्ली आईच्या शिलाई मशीनच्या वरच्या खिळ्याला टांगली गेली, आणि आई घरातच राहिली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तेव्हा सगळेच घरात होते. मग एकेक करून सगळे बाहेर पडले. दुकानं उघडली, लग्नं लागली, लोक पुन्हा एकमेकांच्या अंगावर खोकायला लागले. आई बाहेर पडली नाही. मशीन तिने फिरवून घेतलं, खिडकीकडे पाठ येईल असं. विचारलं तर म्हणे, उजेड डोळ्यांवर येतो. आता उजेडाचा प्रश्नही उरला नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, सुईत दोरा ती जिभेने आणि अंदाजाने ओवायची. डॉक्टरांनी घरी येऊन बघितलं आणि बजावून सांगितलं की आता थांबलात तर डावा डोळा गेला असं समजा. ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यातली होती. “बघू,” आई म्हणत होती. हे ‘बघू’ त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. ऑफिसात तो स्वतः दिवसातून अनेकदा ते लोकांना देत असे. आपल्या चार शब्दांनी आपण हिला भिंतीत चिणलं, असं त्याला वाटायचं. एखादा माणूस चुकून कोंडला जावा आणि बाहेरून कडी घालणाऱ्याने रोज त्याच घरात येऊन जेवावं, तसा तो रोज तिच्यासमोर बसून जेवत होता.

“झालं,” पंक्चरवाला म्हणाला आणि चाक बसवू लागला.

तो उठला. आपण काय बोलणार आहोत हे त्याला बोलून होईपर्यंत ठाऊक नव्हतं. “हा फलक नगरपालिकेची मालमत्ता आहे. न्यावा लागेल.”

पंक्चरवाल्याने हात पुसले. वर बघितलं, मग त्याच्याकडे. “न्या. मग माझ्या डोक्यावर काय?”

“बघतो काहीतरी.”

त्या ‘बघतो’चा अर्थ पंक्चरवाल्याने बरोबर ओळखला असावा. स्टुलावर चढून तो सुतळीच्या गाठी सोडू लागला, आणि एका बाजूने आई हळूहळू खाली आली, आधी हात, मग तोंड. टपरीत भसकन ऊन शिरलं. घमेल्यातलं पाणी चमकायला लागलं. त्याने घडी घालून फ्लेक्स स्कूटरवर पायापाशी ठेवला आणि मागे न बघता निघाला. ऑफिसकडे वळायचं ते तो घराकडे वळला. लेखापरीक्षकांना दाखवायला नेतोय असं वाटेत एकदा मनाशी म्हणून बघितलं, पण ते त्यालाच पटलं नाही.

आई मशीनवर बसली होती, पाय नुसतेच पेडलवर ठेवून. “लवकर आलास?” तिने पावलांवरून ओळखलं. त्याने फ्लेक्स तिच्या पुढ्यात, जमिनीवर उलगडला. खोलीभर झाला. खुर्चीचे पाय उचलावे लागले. ती खाली बसली आणि तिने दोन बोटांत कड चुरगळून पाहिली. “कापड नाही हे. काय आहे?”

“तुझा फोटो आहे, आई. मावशीच्या कोपऱ्यावरचा.”

तिचा हात थांबला. मग तो पुढे सरकू लागला, माप घेताना सरकायचा तसा, खिडकीच्या गजांवरून, गजावरच्या हातावरून, गालापर्यंत. तिथे काही उंचसखल लागत नव्हतं. “केस विंचरू दिले नाहीस तू मला,” ती म्हणाली. मग म्हणाली, “वाच.”

“काय?”

“खाली लिहिलंय ते.”

त्याने वाचलं. शब्द तोंडात फार मोठे झाले होते. “मी घरात आहे. तुम्हीही राहा.”

“हं,” आई म्हणाली. रस्त्यावर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती लागत नव्हती. “तुला काय वाटतं,” ती म्हणाली, “ह्याच्यामुळे मी गेले नाही?”

त्याने फ्लेक्सची गुंडाळत चाललेली कड गुडघ्याने दाबून धरली.

“मला भीती वाटली रे. चपला घातल्या आणि पायांतलं बळच गेलं. वाटलं, तिथे गेले की मीही मरणार. ती मरायला टेकलेली, आणि माझ्या मनात काय, तर मला मरायचं नाही. तेवढ्यात तुझा फोटो आठवला. बरा सापडला.” ती हे शिवणातली चूक दाखवावी तशा आवाजात सांगत होती. “ती फोनवर म्हणायची, दिसतेस मला. मी म्हणायचे, हो गं, आहे मी. कोण होतं तिथे? हे होतं.” तिने फ्लेक्सवर तळहात आपटला. त्याचा पोकळ आवाज आला.

“मग इतकी वर्षं?”

“तेव्हा नाही निघाले. मग आता भाजीला निघू? माझे डोळे नीट करायला निघू?”

त्याला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते वेगळंच. आपण चार शब्दांत एका बाईला कोंडलं या दुःखात केवढी मोठी ऐट होती, हे त्याला दिसलं. ते शब्द बिचारे काहीच नव्हते. भीती तिची होती, आणि त्याची स्वतःचीही होती, आणि दोघांनी मिळून ती एका फलकामागे उभी करून ठेवली होती. “मलाही बरं वाटलं होतं,” तो म्हणाला. “तू चपला काढल्यास तेव्हा.”

“ठाऊक आहे,” आई म्हणाली. “मी बघितलं होतं तुझं तोंड. तेव्हा दिसत होतं मला.”

गाडीची किक एकदाची लागली आणि गाडी गेली. आईचे हात मात्र रिकामे बसू शकत नव्हते. ते कडेने चाचपत चालले होते, आणि फाटक्या कोपऱ्यापाशी येऊन थांबले. “हे कुणी एवढं छान बांधून ठेवलं होतं? गाठींच्या खुणा आहेत.”

“पंक्चरवाल्याने. त्याचं छप्पर होतं.”

“आणि तू ते काढून आणलंस?” तिचा आवाज एकदम लहानपणचा झाला, म्हणजे त्याच्या लहानपणचा. “लाज नाही वाटत? उन्हात बसलाय ना तो?”

“बसलाय.”

“आण इकडे. कड दुमडून टीप मारून देते, परत फाटायला नको. जाड सुई लाव मला.” तिने मशीनच्या खणातून कात्री घेतली आणि फाटका तुकडा कापायला गेली. कात्री नुसती घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. तिने बोटाने पातं तपासलं, कात्री बाजूला ठेवली आणि ती तशीच बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. “ह्याला ही नाही चालायची,” ती म्हणाली. “मोठी लागेल.”

मोठी कुठे आहे ते दोघांनाही माहीत होतं. त्याने खिळ्याकडे बघितलं. “मी आणतो,” तो म्हणाला.

“तुला सापडायची नाही. तिने कुठे खुपसून ठेवलीय देव जाणे. माझ्यापासून लपवायची ती.” आई मशीनला धरून उठली. किल्ली तिने न चाचपता काढली, जणू तिचे हात रोज तिथपर्यंत जाऊन येत होते. चपला दाराशी होत्या, त्याच. दर आठवड्याला त्याखालची फरशी पुसली जायची आणि त्या पुन्हा तिथेच ठेवल्या जायच्या. चामडं वाळून कडक झालं होतं. एक चप्पल पायात शिरेना. तो वाकला आणि त्याने ती हाताने तिच्या टाचेवर ओढून बसवली. उंबऱ्याशी ती उभी राहिली. या वेळी तो गप्प बसला नाही. “मी आहे,” तो म्हणाला, “चल.” तिने त्याचा दंड धरला, चांगलाच घट्ट, आणि पाऊल टाकलं.

रस्त्याने तिने कुणाकडे बघितलं नाही, बघून दिसणारही नव्हतं. एका दुकानातून कुणीतरी “अहो, बाई!” म्हणून ओरडलं, तर तिने आवाजाच्या दिशेने मान हलवली आणि विचारलं, “कोण? खांदे सांग,” आणि तो माणूस हसला. मावशीच्या कोपऱ्यावर फलकाचे दोन लोखंडी खांब नुसतेच उभे होते. गल्लीत शिरल्यावर मात्र तिने त्याचा दंड सोडला आणि भिंतीला हात लावून ती एकटी पुढे गेली. पायऱ्या तिला ठाऊक होत्या. दारावर गंजलेलं कुलूप होतं, ते तिच्या बोटांना लागलं, आणि तरीही तिने किल्ली लावली नाही. तिने कडी वाजवली. मग कान देऊन थांबली, दुपारी आडवं झालेल्या माणसाला उठून दारापर्यंत यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ.

“मी आलेय गं,” ती म्हणाली.

मग तिने किल्ली मागे, त्याच्यापुढे धरली. “उघड,” म्हणाली.